लाखोरीचं पहिलं पाणी

दिवाळीला आठ दिवस होते. मामीच्या ओटीत चार-पाच किलो लाखोरी होती, रात्रभर भिजवून सकाळी निथळलेली. धान लोंबीवर आलेलं, कापणीला अजून थोडा अवकाश. बांधीतलं पाणी सोडून दिलेलं. पाय रुततो पण उचलताही येतो, एवढीच ओल मागे राहिलेली. मामी उभ्या धानात शिरली, डाव्या हाताने ओटी सावरली आणि उजव्या हाताने मूठ मूठ बी फेकत पुढे निघाली. मी धुऱ्यावर उभी. धुऱ्यावरची तूर माझ्या खांद्याला लागत होती.

या पेरणीला उतेरा म्हणतात. नांगर नाही, खत नाही, पुन्हा पाणी देणं नाही. धानाच्या सावलीतच बी रुजतं. धान कापून नेलं की इवली रोपं उघडी पडतात आणि जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढतात. थंडीत बांध्या निळ्या फुलांनी भरतात, उन्हाळा लागायच्या आत शेंगा हाती येतात. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या गावात माझ्या आजोबांनी असंच केलं, त्यांच्या वडिलांनीही असंच केलं असणार.

"आपल्याकडे ही डाळ विकायला बंदी होती, तुला माहीत आहे?" मी धुऱ्यावरून विचारलं.

"विकाले कोन गेला होता?" मामी मागे न बघता म्हणाली. "आमी खाल्लो."

पुस्तकी मराठीत हिला लाख किंवा लाखोळी म्हणतात, हिंदीत खेसारी, छत्तीसगडात तिवरा. झाडीबोलीत 'ळ'चा सहसा 'र' होतो, म्हणून इथे लाखोरी. दाणा करडा, ठिपकेदार आणि चारी बाजूंनी ठोकून काढल्यासारखा कोनदार. हातात घेतला तर लहानशा कुऱ्हाडीच्या पात्याची आठवण होते. भरडून डाळ केली की पिवळी, तुरीची बहीण म्हणून खपेल अशी. तशी ती खपलीही, त्याची गोष्ट पुढे येते.

1961 साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियमांखाली या डाळीच्या विक्रीला बंदी आली. कारण खरं होतं. लाखोरीत एक विषारी अमिनो आम्ल असतं. भारतीय शास्त्रज्ञांनी ते 1964 मध्ये वेगळं काढून ओळखलं. त्याचं लांबलचक नाव आता ओडॅप एवढ्यावर आटपतात. महिनोन् महिने हीच डाळ पोटात जात राहिली तर ते मज्जासंस्थेवर मारा करतं. पोटऱ्या ताठ होतात, गुडघे वाकतात, माणूस चवड्यांवर, पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकवत चालू लागतो. पुढे काठी, मग दोन काठ्या, मग जमिनीवर सरपटणं. डोकं शाबूत राहतं, पाय परत येत नाहीत. या रोगाला लॅथिरिझम म्हणतात आणि त्यावर औषध नाही. लाखोरीच्या बाजूने बोलणाऱ्याने आधी हे एवढं बोलावं, असं मला वाटतं. आपल्याकडे 'आजीच्या हातचं' म्हटलं की सगळंच अमृत ठरवायची जी पद्धत पडली आहे, ती या डाळीपुरती तरी आवरावी.

पण रोग कुणाला झाला, हेही बघावं लागतं. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम स्लीमन याने 1844 मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात सागर भागातली हकिगत लिहून ठेवली आहे. 1829 साली गारपिटीने गहू गेला, पुढच्या वर्षी पाऊस वेळेवर आला नाही, त्याच्या पुढच्या वर्षी तांबेऱ्याने उरलंसुरलं नेलं. तिन्ही वर्षं टिकली ती फक्त लाख. लोकांनी तीच खाल्ली, कारण दुसरं काही नव्हतंच. आणि 1833 च्या सुमारास गावोगावी धडधाकट तरुणांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. पुढे विसाव्या शतकात रीवा-सतना भागातून लॅथिरिझमच्या बातम्या येत राहिल्या, त्यांतले रुग्ण बहुतेक वेठबिगार. त्यांना मजुरी धान्यात मिळे आणि त्या धान्यात लाख भरलेली असे. मालकाच्या घरीही लाख होती. त्याच्या ताटात मात्र तिच्याशेजारी गहू होता, तूप होतं, भाजी होती.

याहून भयंकर पुरावा युरोपातला आहे. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, वाप्नियार्का नावाच्या छावणीत ज्यू कैद्यांना रोज हेच दाणे शिजवून घातले जात. काही महिन्यांतच शेकडोंचे पाय गेले. कैद्यांतच डॉ. आर्थर केसलर होते. हा रोग कशाचा आहे ते त्यांनी ओळखलं आणि कैद्यांनी ते अन्न नाकारलं. इटलीत मात्र हीच लाख 'चिचेर्किया' नावाने आजही सूपमध्ये पडते, आणि मार्के प्रांतात तिचं जुनं वाण जपलं म्हणून शेतकऱ्यांचं कौतुक होतं. दाणा एकच, फरक आहे तो ताटात आणखी काय आहे याचा.

मला या लेखात सांगायचं आहे ते एवढंच, आणि ते मला कुठल्या शोधनिबंधाआधी मामीच्या स्वयंपाकघरात कळलं.

पेरणी झाली त्या रात्री तिने वड्यांसाठी डाळ भिजत घातली. झाडीपट्टीत लाखोरीच्या वड्यांशिवाय लग्न नाही, सण नाही. पाहुणा आला की कढई चुलीवर चढते. सकाळी ती पितळी गंज घेऊन मोरीवर गेली, वरचं पिवळसर पाणी ओतून दिलं, नवीन पाणी घातलं, डाळ हाताने चोळली, तेही फेकलं. तिसऱ्यांदा धुतली तेव्हा कुठे ती पाट्याजवळ बसली.

"एवढं पाणी का फेकतेस?"

"पहिलं पानी कडू ऱ्हाते."

मी बोट बुडवून चाखलं होतं, कडू वगैरे काही नव्हतं. पण हे पाणी पोटात जाऊ द्यायचं नसतं, एवढं तिला तिच्या सासूकडून मिळालं होतं आणि त्याला कडू हा शब्द चिकटला होता. ओडॅप पाण्यात विरघळतं. डाळ भिजवून पाणी फेकलं, किंवा भरपूर पाण्यात उकळून ते काढून टाकलं, तर विषाचा बराचसा भाग त्याबरोबर जातो. सगळा जात नाही. प्रयोगशाळेने हे सांगितलं ते फार नंतर. मामीच्या सासूला ओडॅप ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिच्या चार पिढ्या आधी कुणीतरी, कुठल्यातरी वाईट वर्षी, ते पाणी फेकलं नसणार, आणि त्याची आठवण स्वयंपाकाच्या रीतीत जिरली असणार. हा माझा तर्क आहे. तो सिद्ध करायला कागद नाही.

डाळ भरड वाटली. त्यात हिरवी मिरची, लसूण, जिरं, सांबार (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात) आणि मीठ. तळहाताला पाणी लावून ती गोळा चपटा करायची आणि कडेने तेलात सोडायची. वडा बाहेरून खरपूस, आतून किंचित रवाळ. हरभऱ्याच्या डाळीचा वडा याच्यापुढे गुळगुळीत आणि शहाणा वाटतो. सोबत भात, टमाट्याची चटणी आणि धोप्याच्या (अळूच्या) पानांची पातळ भाजी. मी पाच वडे खाल्ले. मामीने दोनच खाल्ले. का, ते पुढे सांगते.

बंदीच्या काळात एक विचित्र व्यवस्था तयार झाली. लाखोरी पेरायला मनाई नव्हती, विकायला होती. म्हणजे गोंदिया-भंडारा-गडचिरोली-चंद्रपूरचा धान उत्पादक पेरणार, घरी खाणार आणि उरलेली पडेल भावात व्यापाऱ्याला देणार. व्यापारी ती लाखोरी म्हणून थोडीच विकणार? ती तुरीच्या डाळीत मिसळली, बेसनात दळली गेली. मुंबई-पुण्याच्या ज्या घरांनी लाखोरीचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्या भज्यांत ती गेली असेल, कुणीही तिचं पहिलं पाणी न फेकता. ज्यांना शिजवायची रीत माहीत होती त्यांच्या हातून माल स्वस्तात काढून घेऊन ज्यांना माहीत नव्हती त्यांच्यापर्यंत लपवून पोचवणारा असा कायदा दुसरा नसेल.

नागपूरचे आहारतज्ज्ञ डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध अनेक वर्षं झुंज दिली, उपोषणं केली. 2008 मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्यापुरती बंदी उठवली. केंद्राच्या 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र ती पुन्हा आलीच. दरम्यान हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे संशोधक थेट गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यांत आले, घरोघरी ताटात काय किती पडतं ते मोजलं, डाळीतलं ओडॅप तपासलं. 2014 मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. लोक लाखोरी खातात, पण भात आणि इतर अन्नाबरोबर, बेताने. आणि पूर्वी ज्याची भीती होती तो रोग आता जवळजवळ दिसत नाही, असा त्याचा मथितार्थ. जानेवारी 2016 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवरा या कमी ओडॅपच्या तीन वाणांना हिरवा कंदील दाखवला. यांतलं महातिवरा रायपूरच्या कृषी विद्यापीठाचं, म्हणजे आमच्या शेजारचंच. मामीच्या ओटीतलं बी मात्र यांतलं कुठलंच नाही. ते घरचं आहे, मडक्यात राखेत ठेवलेलं.

लाखोरीत जवळपास 28 टक्के प्रथिनं असतात, तुरीपेक्षा जास्त. भाच्याला पुण्यात जिमवाल्याने जो डबा घ्यायला लावला आहे त्याच्या किमतीत मामीच्या गावात कितीतरी पायल्या लाखोरी येईल. हे मी त्याला सांगितलं, तर त्याने मोबाइलवर बघून "पण ही तर बॅन्ड आहे ना?" असं विचारलं. साठ वर्षांपूर्वीचा नियम त्याच्या पिढीपर्यंत पोचला, पाणी फेकायची रीत मात्र पोचली नाही.

आता मामीच्या दोन वड्यांबद्दल.

तिला साखर निघाली त्याला तीन वर्षं झाली. शहरातल्या एका दवाखान्यात तपासणी झाली आणि हातात छापील आहारतक्ता मिळाला. मी तो पाहिला आहे, देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला टांगलेला असतो. सकाळी ओट्स. दुपारी दोन पोळ्या, ब्रोकोली किंवा फरसबी. रात्री सूप. भात या शब्दावर लाल पेनाने फुली. तक्ता लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गोंदिया नव्हतंच. ज्या जिल्ह्यात शेतं धानाची, कारखाने म्हणजे भातगिरण्या, मजुरी धानाच्या हंगामावर, नवरात्रातलं नवं अन्न म्हणजे नवा तांदूळ, तिथल्या बाईला भात बंद म्हणजे जेवण बंद. मामीने चार महिने पोळ्या खाल्ल्या. गहू विकत आणावा लागे. मग एके दिवशी तिने भात टाकला आणि कुणाला सांगितलं नाही. पुढच्या तपासणीच्या आधी तीन दिवस पुन्हा पोळ्या. हे मी तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा ती हसत होती. मला हसू आलं नाही.

डॉक्टरचं चुकलं असं मी म्हणत नाही. साखरेच्या माणसाने ताटभर भात खाऊ नये, हे खरंच आहे. पण कुठला भात, आणि भाताबरोबर काय, हे त्या तक्त्यात कुठेच नव्हतं. मामीच्या लहानपणी घरात उसना तांदूळ असे. धान भिजवून, वाफवून, वाळवून मग कांडायचं. वाफवताना कोंड्यातलं थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व, दाण्याच्या आत शिरतं, मग कांडणीत ते सगळंच्या सगळं निघून जात नाही. पांढऱ्याशुभ्र पॉलिशच्या तांदळावर जगणाऱ्या आशियातल्या मुलखांत बेरीबेरीने माणसं मेली, उसना खाणाऱ्यांत ती फारशी मेली नाहीत, हे वैद्यकाच्या इतिहासातलं नावाजलेलं उदाहरण आहे. शिवाय उसन्या तांदळाचा भात साखर जरा सावकाश चढवतो. पण तो पिवळट दिसतो, त्याला वास असतो, आणि पाहुण्यांपुढे तो वाढायची लाज वाटायला लागली. गिरणीत पॉलिश जितकं जास्त तितका तांदूळ 'चांगला'. गोंदियाच्याच गिरण्यांनी उसना तांदूळ पोत्यांनी बाहेर पाठवला आणि गोंदियाच्या घरांनी तो सोडला.

मग गेलेलं परत आणायची सरकारी तऱ्हा आली. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली की 2024 पर्यंत रेशनमधून पोषणमूल्य वाढवलेला तांदूळ मिळेल. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-12 मिसळून यंत्रातून दाणे काढायचे आणि शंभर किलो तांदळात एक किलो ते घालायचे. आमच्या गावात ते दाणे 'प्लास्टिकचे' ठरले. बायांनी सुपात पाखडताना एकेक वेचून कोंबड्यांना टाकले. कोंबड्यांनी खाल्ले, काही झालं नाही, तरी विश्वास बसला नाही. खरा काळजीचा प्रश्न निराळा होता. पूर्व विदर्भ हा सिकलसेलचा पट्टा. या रुग्णांच्या शरीरात लोह वाढण्याची भीती असते, म्हणून मध्यंतरी अशा पोत्यांवर सावधगिरीची सूचना छापणं बंधनकारक होतं. पण तांदूळ पोत्यातून पिशवीत आणि पिशवीतून डब्यात येतो. सूचना दुकानातच राहायची.

लाखोरी, पॉलिश, हा तांदूळ, सगळीकडे मला एकच खोड दिसते. एक पदार्थ उचलायचा, त्याला विष किंवा औषध म्हणायचं, आणि त्याच्या आजूबाजूचं ताट बघायचंच नाही.

मामीच्या आईच्या ताटात काय असे? भात होताच, भरपूर. पण पावसाळ्यात तरोटा, कुड्याची फुलं, बांबूचे कोवळे वास्ते, जंगलातल्या सात्या (अळंबी). बोडीत-तलावात मासे, आणि वाळवलेले झिंगे वर्षभर. हिवाळ्यात लाखोरीचे कोवळे शेंडे खुडून भाजी, उरलेले सावलीत वाळवून उन्हाळ्याची बेगमी. तलावातून कमळाचं देठ, त्याला इथे ढेस म्हणतात, आणि शिंगाडे. तळणाला आणि फोडणीला जवसाचं तेल. हेच जवस आता शहरात 'फ्लॅक्ससीड' म्हणून लहान पाकिटात मोठ्या किमतीला मिळतं, तेव्हा मामी म्हणते, "आमी तं त्याच्या ढेपेवर बैल पोसले."

हे ताट आपोआप तयार झालेलं नव्हतं. त्यामागे तलाव होते. कोहळी समाजाच्या पाटलांनी तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून या भागात बांध घालून पाणी अडवलं. नवेगाव बांधचा तलाव त्यांतला सर्वांत नावाजलेला. मारुती चितमपल्लींनी त्या परिसरावर पुस्तकच लिहिलं, म्हणून महाराष्ट्राला तो पक्ष्यांसाठी माहीत आहे. आम्हाला तो मरळ माशासाठी माहीत होता. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, गाळ साचला, बेशरमाची झुडपं माजली. ढिवरांना गावठी मासे मिळेनात, बाहेरून आणलेलं बीज सोडायची वेळ आली. अर्जुनी मोरगावच्या आसपास ढिवर बायांनी पुढाकार घेऊन काही तलावांतली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, आणि तिथे गावठी मासे पुन्हा दिसू लागले. माझ्या मते हा जिल्ह्यातला सर्वांत शहाणा आहार-कार्यक्रम आहे, फक्त त्याला कुणी आहार म्हणत नाही.

ताटातून हे सगळं एकेक करून गळलं आणि भात तेवढा उरला. म्हणजे एका परीने स्लीमनच्या सागरचीच गोष्ट, फक्त उपाशीपोटी नव्हे तर भरल्यापोटी. एकटी पडलेली लाख पाय घेऊन गेली, एकटा पडलेला भात साखर घेऊन आला. आणि तक्त्याने काय केलं, तर भातही काढून घेतला आणि जागी ओट्स ठेवले.

मामीने शेवटी स्वतःच तोडगा काढला. मूठभर उसना तांदूळ, तो बाजारातून शोधून आणावा लागतो. त्याच्या दुप्पट भाजी, जी मिळेल ती. एक वाटी वरण, कधी तुरीचं, कधी मुगाचं. लाखोरी फक्त सणाला आणि वडे दोनच. "जास्त खाऊ नये," ती म्हणाली. हे तिला दवाखान्याने सांगितलं नव्हतं आणि 1961 च्या नियमानेही नाही. साखर किती आली, ते विचारलं तर "ठीक आहे" एवढंच म्हणाली. मी रिपोर्ट मागितला नाही.

निघताना तिने धुडक्यात बांधून दोन किलो डाळ दिली. अर्जुनीहून गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत ते गाठोडं मांडीवर घेऊन बसले. सौंदडच्या पुढे शेजारच्या बाईने न विचारता हात लावून बघितलं. पन्नाशीची असेल, हातात विळा, पायाला चिखल वाळलेला.

"लाखोरी ना?"

"हो."

तिने कापडावरूनच एक दाणा दोन बोटांत धरून दाबला. "जुनी आहे. नवी असती तं अशी वाजली नसती." मग थोडं थांबून, "विकाची आहे का?"

"नाही. घरी न्यायची आहे."

"कोठं?"

"नागपूर."

तिने माझ्या साडीकडे, चष्म्याकडे पाहिलं. गाडी गोरेगावला थांबली तशी ती विळा सावरत उठली आणि दारातून मागे वळून म्हणाली, "रातभर भिजू घालजो. पहिलं पानी फेकजो, बाई."